सात गोधड्या, एकच घाट: थीम धरून मालिका कशी शिवायची

व्हिडिओत मी पट्ट्या कापून आणि जोडून दाखवल्या. पण कात्री हातात घ्यायच्या आधी काय ठरवायचं आणि काम संपल्यावर वहीत काय लिहायचं, ते व्हिडिओत बसलं नाही. ते इथे सविस्तर सांगतो.

आधी माझी फजिती ऐका. सांगलीत आमचं कापडाचं दुकान आहे. चार ताई आमच्यासाठी गोधड्या शिवतात. एका वर्षी दिवाळीआधीच्या प्रदर्शनात मी भिंतीवर टांगायच्या बावीस गोधड्या घेऊन गेलो. एकीवर मोर, एकीवर गणपती, एकीवर वारली चित्रं, एकीवर नुसती ठिगळं. तीन दिवसांत दोन विकल्या गेल्या. लोक थांबायचे, "छान आहे हो" म्हणायचे आणि पुढच्या स्टॉलकडे जायचे. परत आल्यावर ताईंची मजुरी दुकानाच्या गल्ल्यातून दिली. तेव्हा एका ताईंनी विचारलं, "दादा, पुढच्या महिन्यापासून दुसरं काम बघू का?" त्या रात्री मला झोप लागली नाही.

माल चांगला होता, मग अडलं कुठे?

बावीस गोधड्या म्हणजे बावीस वेगळी दुकानं मांडल्यासारखं झालं होतं. बघणाऱ्याला आमचं असं काही दिसतच नव्हतं. मालिका केली की एक तुकडा दुसऱ्याची ओळख करून देतो. माणूस पहिल्यापाशी थांबतो, दुसऱ्याशी तुलना करतो, तिसऱ्यापाशी "मला हा जास्त आवडला" म्हणतो. "घेऊ का नको" याच्या जागी "कुठला घेऊ" हा प्रश्न आला, की अर्धं काम झालं.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमने जुन्या अमेरिकन क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर लावून प्रदर्शन भरवलं, आणि पांघरायची वस्तू चित्र म्हणून बघायची सवय तिकडे वाढली. पुढे फेथ रिंगगोल्ड या चित्रकर्तीने क्विल्टवर गोष्टी सांगितल्या. तिची पहिली क्विल्ट तिने १९८० मध्ये आईच्या मदतीने केली; आई फॅशन डिझायनर होती. तिची १९८८ची 'टार बीच' ही क्विल्ट प्रसिद्ध आहे: गच्चीवर बसलेलं कुटुंब, मागे पूल. ती पाच क्विल्टच्या मालिकेतली पहिली. पाचही जणींत धागा एकच, बाई आणि पूल.

पायरी १: थीम म्हणजे विषय नव्हे, आकार

इथे बहुतेक जण चुकतात. "निसर्ग" ही थीम नाही, "स्त्रीशक्ती" पण नाही. ते विचार झाले. डोळ्याला दिसणारा एक आकार धरा: खिडकी, कौलं, भाताची खाचरं, एसटीच्या खिडक्यांची रांग. कसोटी सोपी. तुमची थीम पाच रेघांत काढता आली पाहिजे.

आम्ही धरल्या घाटाच्या पायऱ्या. कृष्णेचा घाट आमच्या रोजच्या बघण्यातला. शिवाय पायऱ्या म्हणजे आडव्या पट्ट्या, आणि पट्ट्या जोडणं ताईंच्या हातातलं काम. पाश्चात्त्य क्विल्टमध्ये 'कोर्टहाउस स्टेप्स' नावाचा जुना नमुना आहे. मधे एक चौकोन, त्याच्या समोरासमोरच्या दोन बाजूंना पट्ट्या, मग उरलेल्या दोन बाजूंना, असं करत चारही बाजूंनी पायऱ्या चढत जातात. दोन गोधड्यांत आम्ही तोच वापरला. वरून बघितलेली विहीर वाटते!

पायरी २: काय बदलणार नाही, ते आधी लिहा

आमच्या वहीतले चार नियम:

१. माप एकच, २४ इंच रुंद, ३६ इंच उंच.
२. तयार पट्टी १, दीड किंवा २ इंचाचीच. दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच शिलाईत जातं, म्हणून कापताना प्रत्येकीला अर्धा इंच जास्त.
३. प्रत्येक गोधडीत एक कुंकवासारखी लाल पट्टी. जागा कुठलीही.
४. वरचा टाका हाताचा धावदोराच.

आणि काय बदलणार? वेळ, पाण्याची पातळी, पायऱ्यांवर काय आहे ते. पहाट, भर दुपार, वाळत टाकलेल्या साड्या, दिवे, पाऊस, अशी यादी झाली. सगळंच सारखं ठेवलं तर बेडशीटचा सेट होतो, आणि सगळंच बदललं तर पुन्हा माझ्या त्या बावीस गोधड्या!

पायरी ३: आधी कागद, मग कापड

घाटाचे चाळीस-पन्नास फोटो काढा. मग २ बाय ३ इंचाच्या चौकटीत पेन्सिलने वीस छोटी चित्रं काढा. प्रमाण तेच राहतं, म्हणून मोठं करताना फसत नाही. वीसातली सात निवडा. कापडाआधी कागद फेकणं स्वस्त पडतं.

कापडाच्या पट्ट्या शिवायच्या आधी भिंतीवर टाचून बघा आणि मोबाइलने ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. रंग वेगळे असूनही फोटोत सगळं एकाच राखाडीत गेलं, तर लांबून पायऱ्या दिसणार नाहीत. गडद-फिकट नीट असेल, तर रंग थोडे इकडेतिकडे चालतात.

जुन्या साड्या वापरत असाल तर रंगाची परीक्षा घ्याच. तुकडा ओला करून पांढऱ्या कापडावर ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. पांढऱ्यावर डाग आला तर ती साडी बाजूला. आम्ही हे एकदा केलं नाही. तिसरी गोधडी धुतली आणि लाल पट्टीने शेजारच्या चार पायऱ्या गुलाबी केल्या. अठ्ठावीस तासांचं काम! त्याची मजुरी मी दिली, कारण कापड मी निवडलं होतं.

पायरी ४: दोन शिवा, थांबा, बघा

सातही एकदम सुरू करू नका. दोन पूर्ण करा, शेजारी लावा, आठ दिवस येता-जाता बघा. नियम कुठे काचतोय ते तेव्हाच कळतं. मला ते एका ताईंनी दाखवलं, दुसरं काम शोधू का विचारणाऱ्या त्याच ताईंनी. त्या म्हणाल्या, "दादा, पाण्याखाली गेलेल्या पायऱ्या पण शिवायच्या ना?"

२०१९च्या पुरात त्यांच्या घरात पाणी होतं. सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर गेलं, हेच तेव्हा घराघरांत विचारलं जात होतं. त्यांच्या चित्रात वर फक्त दोन पायऱ्या होत्या, खाली सगळं मातकट. मी नाही म्हणालो. थीम पायऱ्यांची आणि पायऱ्याच दिसत नाहीत! शिवाय पुराचं चित्र घरात कोण लावणार?

त्यांनी तरी शिवली. मातकट भागात पाच जुन्या साड्यांचे तपकिरी तुकडे, आणि त्यावर धावदोऱ्याच्या रेषा. जवळ गेलं की कळतं, बुडालेली प्रत्येक पायरी टाक्यांत आहे. लाल पट्टी पाण्याच्या बरोबर रेषेवर. एकही नियम मोडला नव्हता. मीच नियम नीट वाचले नव्हते.

पुढच्या प्रदर्शनात लोक थांबले ते तिच्यापाशी. एक आजोबा बराच वेळ हात मागे बांधून उभे राहिले, मग म्हणाले, "आमची चौथी पायरी बुडाली होती." त्यांनी घेतली ती शेजारची, पहाटेची.

पायरी ५: हिशोब

एका गोधडीचा आमचा खर्च बघा. ३० तास, ताशी ८० रुपये, म्हणजे २,४०० मजुरी. कापड, अस्तर, दोरा ४५०. मागची नळी, दांडी, पॅकिंग २५०. स्टॉलभाड्याचा वाटा ४००. एकूण ३,५००. आधी मी तशीच गोधडी २,२०० ला विकत होतो, "जुन्या साड्या तर आहेत" म्हणून! आता किंमत ६,५००. कुणी दुकानदार ३० टक्के कमिशन मागतो. १,९५० गेले तरी ४,५५० हातात येतात, खर्च जाऊन १,०५० उरतात. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मजुरीची ओळ सगळ्यात वर लिहा.

मांडताना सगळ्यांच्या वरच्या कडा एका रेषेत ठेवा. मागे वरच्या बाजूला चार इंचाची कापडी नळी शिवा, म्हणजे दांडी जाते आणि गोधडी झोळत नाही. गिऱ्हाइकाला थेट उन्हात लावू नका असं सांगा, रंग उडतो. आणि मागे कापडी लेबल लावाच: मालिकेचं नाव, सातपैकी कितवी, वर्ष आणि शिवणाऱ्या ताईंचं नाव. दुकानाचं नाव त्याखाली.

सातपैकी पाच विकल्या. एक दुकानात आहे. पुराची मी विकायला काढली होती, पण किंमत सांगायची वेळ आली तेव्हा ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ती राहू दे." आता ती त्यांच्याच घरी आहे, पाणी जिथवर आलं होतं त्या खुणेच्या वर. त्यांची मजुरी मी दिली. वहीत तो खर्चच दिसतो. पुढची मालिका, कौलांची, त्याच काढताहेत.

या आठवड्याचा गृहपाठ: एक आकार धरा, वीस छोटी चित्रं काढा आणि न बदलणारे चार नियम लिहा. कात्री पुढच्या आठवड्यात.