‘इआन्फु’ : एका शब्दाचा कारकविचार

आपल्या विभागात सध्या पारिभाषिक संज्ञांची जी सूची तयार होत आहे, तिच्यातील एका नोंदीपाशी काम अडून राहिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानी लष्कराने सैनिकांच्या उपभोगासाठी ज्या स्त्रियांना छावण्यांशेजारच्या केंद्रांत डांबून ठेवले, त्यांना मराठीत काय म्हणावे, असा हा प्रश्न आहे. सूचीच्या पहिल्या मसुद्यात ‘सांत्वन-स्त्रिया’ असा प्रतिशब्द होता. तो मुळाला धरून आहे, आणि नेमकी तीच त्याची अडचण आहे.

मूळ जपानी शब्द ‘इआन्फु’. ‘इआन्’ म्हणजे सांत्वन, विरंगुळा, श्रमपरिहार. ‘फु’ म्हणजे स्त्री. अर्थविचाराच्या तासाला सौम्योक्तीची उदाहरणे म्हणून आपण बांगडी ‘वाढवली’, रोग्याला ‘देवी आल्या’, माळ्यावर ‘जनावर निघाले’ अशी वाक्ये देतो. ही सौम्योक्ती भ्यालेल्या माणसाची असते; अनिष्टाचे नाव घेतले तर ते ओढवेल, या धास्तीतून ती जन्मते. ‘इआन्फु’ हीही सौम्योक्तीच, पण तिची जात वेगळी. येथे शब्द योजणारा आणि कृत्य करणारा एकच आहे, आणि ज्या व्यक्तीला तो शब्द लावला जातो तिला तो नाकारण्याची सोय नाही.

आपल्या व्याकरणातील कारकविचार येथे उपयोगी पडावा. सांत्वन ही क्रिया कोणासाठी? शिपायासाठी, म्हणजे संप्रदान तो. सांत्वन कशाने? स्त्रीने, म्हणजे ती केवळ करण. आणि कर्ता? ज्या यंत्रणेने केंद्र उभारले, स्त्रिया आणविल्या, पहारे बसविले, तिचा या समासात मागमूसही नाही. १९३२ साली शांघाय येथे नौदलासाठी अशी केंद्रे निघाली, १९३७ नंतर ती चीनभर पसरली, आणि पुढे फिलिपाइन्स, इंडोनेशिया, ब्रह्मदेश येथपर्यंत गेली. कोरिया, चीन, तैवान आणि व्यापलेल्या इतर प्रदेशांतील स्त्रिया त्यांत ओढल्या गेल्या. जपानी स्त्रियाही होत्या. एकूण संख्येविषयी अभ्यासकांचे अंदाज वीस हजारांपासून दोन लाख व त्याहूनही अधिक असे आहेत. एवढी मोठी व्यवस्था कर्त्यावाचून उभी राहिली, असे त्या शब्दावरून वाटावे!

हा शब्द नुसते झाकण्याचे काम करीत नव्हता; त्याने आमिषाचेही काम केले. याचा एक पुरावा भारतभूमीवर लिहिला गेला आहे. ऑगस्ट १९४४ मध्ये ब्रह्मदेशातील मिच्चिना पडल्यानंतर वीस कोरियन स्त्रिया अमेरिकन सैन्याच्या हाती लागल्या. आसामातील लेडो येथील तळावर त्यांची चौकशी झाली व १ ऑक्टोबर १९४४ रोजी तिचा अहवाल तयार झाला. १९४२ साली जपानी दलालांनी कोरियात ‘सांत्वन-सेवे’साठी मुली जमविल्या, त्या सेवेचे स्वरूप मात्र सांगितले नाही, असे अहवाल म्हणतो. इस्पितळात जखमींची विचारपूस करणे, पट्ट्या गुंडाळून ठेवणे, शिपायांचे मन रमविणे असे काहीसे ते काम असावे, असा मुलींचा समज झाला. घरचे कर्ज फिटावे म्हणून कित्येकींनी करार केले. अशा सुमारे आठशे जणी त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये रंगूनला उतरविल्या गेल्या.

त्याच अहवालात या स्त्रिया म्हणजे सैन्यामागून हिंडणाऱ्या वेश्यांखेरीज दुसरे काही नव्हेत, अशी व्याख्याही करून टाकली आहे. फसवणुकीची हकीकत आणि ही व्याख्या एकाच कागदावर शेजारी शेजारी नांदतात. आज दोन्ही पक्ष हाच कागद पुढे करतात. एक हकीकत वाचतो, दुसरा व्याख्या. माझ्या मते हकीकत ही साक्ष होय, आणि व्याख्या हे लिहिणाऱ्याच्या शब्दकोशाचे दारिद्र्य होय. लिहिणाऱ्याजवळ ‘वेश्या’ हा एकच तयार साचा होता, आणि त्याने तो वापरला.

शब्द मुळातच उपलब्ध नव्हता, असेही म्हणता येत नाही. १९४८ साली बटाव्हिया येथील डच लष्करी न्यायालयाने सेमारांग येथे डच स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांबद्दल जपानी अधिकाऱ्यांना दोषी ठरविले, एकाला देहान्ताची शिक्षाही दिली. आरोपाचे नाव होते सक्तीची वेश्यावृत्ती. मात्र त्याच बेटांवरील इंडोनेशियन स्त्रियांच्या वाट्याला असे न्यायालय आले नाही.

कोरियात या स्त्रियांना दीर्घकाळ ‘जाँगशिन्दे’ म्हणत. याचा अर्थ देहाने पुढे सरसावलेल्यांचे, म्हणजे स्वयंसेवकांचे, पथक. वस्तुतः हे नाव कारखान्यांत राबविल्या गेलेल्या श्रमपथकांचे. दोहोंची सरमिसळ झाली आणि तिचा फायदा पुढे नाकारणाऱ्यांनी घेतला. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सुन यांनी सोलमध्ये स्वतःच्या नावानिशी साक्ष दिली. केंद्रात त्यांना ‘आइको’ हे जपानी नाव देण्यात आले होते. तेव्हा स्वतःचे नाव उच्चारणे हाच त्या साक्षीचा पहिला भाग होता. जानेवारी १९९२ मध्ये इतिहासकार योशिमी योशिआकी यांना जपानच्या संरक्षण खात्याच्या ग्रंथालयात सापडलेले कागद प्रसिद्ध झाले, आणि लष्कराचा हात नाकारणे अशक्य झाले.

त्यानंतरचा झगडा क्रियापदांचा आहे. ४ ऑगस्ट १९९३ च्या कोनो निवेदनाने केंद्रे लष्कराच्या मागणीवरून चालली हे मान्य केले, आणि अनेक स्त्रियांना त्यांच्या इच्छेविरुद्ध आणले गेले हेही मान्य केले. मात्र लष्कराच्या वाट्याला आलेला मुख्य शब्द ‘कान्यो’, म्हणजे संबंध किंवा सहभाग. ‘लष्कराने केले’ आणि ‘लष्कराचा संबंध होता’ यांतील अंतर आपल्या विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. आपली कार्यालयेही भावे प्रयोगाच्या आश्रयाला वारंवार जातात. तथापि या निवेदनाचे मोल कमी लेखू नये. पुढील काळ त्याच्याही मागे सरकला. सेंदा काको यांच्या १९७३ च्या पुस्तकाने ‘जूगुन् इआन्फु’, म्हणजे सैन्यासोबतच्या इआन्फु, हा प्रयोग रूढ केला होता. ‘जूगुन्’ हे विशेषण युद्धवार्ताहरांना व परिचारिकांना लागते, म्हणून ते स्वेच्छा सुचविते, असा पीडितांच्या बाजूने आक्षेप होता. एप्रिल २०२१ मध्ये जपानी मंत्रिमंडळाने ते विशेषण गाळण्याचा निर्णय केला. परंतु तो उलट कारणासाठी, सक्तीचा गैरसमज होऊ नये म्हणून. शब्द एकच, आणि दोन्ही बाजूंना नकोसा!

‘लष्करी लैंगिक दास्य’ ही संज्ञा संयुक्त राष्ट्रांच्या व्यवहारात दृढ झाली ती मुख्यतः राधिका कुमारस्वामी यांच्या १९९६ च्या अहवालामुळे. १९९८ च्या रोम संविधीत लैंगिक दास्य हा मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून स्वतंत्रपणे नमूद झाला. येथे कर्ता परत आला. दास्य म्हटले की दास करणारा आलाच. शास्त्रदृष्ट्या ही संज्ञा मला निर्दोष वाटते. परंतु मे २०२० मध्ये ली योंग-सू या वयोवृद्ध साक्षीदार स्त्रीने, मला लैंगिक दासी का म्हणता, असा जाहीर संताप व्यक्त केला. त्याआधी यान रुफ-ओहर्न यांनी ‘सांत्वन’ हा शब्दच अपमान मानला होता. संज्ञा गुन्ह्याला लावावयाची की व्यक्तीला, हा भेद आम्ही भाषेचे लोकच विसरलो होतो. कोरियात त्यांना ‘हाल्मोनी’ म्हणतात, फिलिपाइन्समध्ये ‘लोला’; दोहोंचा अर्थ आजी. ही हाक आदराची खरी. पण डिसेंबर २०११ मध्ये सोल येथील जपानी वकिलातीसमोर बसविलेला पुतळा मुलीचा आहे, आणि हाक आजीची. मधली पन्नास वर्षे गप्प राहून जगलेल्या प्रौढ स्त्रीला मात्र कोणत्याच भाषेने नाव दिलेले नाही.

पैशाच्या नावांचेही असेच. १९९५ साली स्थापन झालेल्या आशियाई महिला निधीतून प्रत्येकी वीस लाख येन देऊ केले गेले. ही रक्कम लोकवर्गणीची होती, आणि तिचे नाव ‘त्सुगुनाइ’, म्हणजे प्रायश्चित्त. राज्याने कायद्याने द्यावयाच्या भरपाईला ‘बाइशो’ असा वेगळा शब्द आहे, आणि तो टाळला होता. कोरियात या रकमेला ‘विरोगुम’, सांत्वनाचा पैसा, म्हणत. पुष्कळ जणींनी तो नाकारला. या ‘विरोगुम’मधले ‘वि’ आणि ‘इआन्फु’मधले ‘इ’ हे एकाच चिनी अक्षराचे दोन उच्चार. सांत्वनाच्या नावाखाली जिचे सर्वस्व लुटले, तिच्याच हाती पुन्हा सांत्वन ठेवावयाचे!

८ जानेवारी २०२१ रोजी सोलच्या जिल्हा न्यायालयाने बारा वादींना प्रत्येकी दहा कोटी वॉन देण्याचा आदेश जपानला दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये दुसरा दावा सार्वभौम राज्याच्या मुक्ततेच्या तत्त्वावर फेटाळला गेला. २३ नोव्हेंबर २०२३ रोजी उच्च न्यायालयाने तोही निकाल फिरविला. मानसिक यातनांबद्दलच्या या भरपाईला कोरियन कायद्यात ‘विजार्यो’ म्हणतात. अक्षर पुन्हा तेच, परंतु कारके फिरली आहेत. आता संप्रदान ती स्त्री आहे, आणि देणाऱ्याच्या जागी राज्याचे नाव निकालपत्रात लिहिलेले आहे. जपानने हे निकाल मान्य केलेले नाहीत. दक्षिण कोरियात नोंद झालेल्या २४० स्त्रियांपैकी आज दहासुद्धा हयात नाहीत.

सूचीपुरता माझा प्रस्ताव असा : व्यवस्थेसाठी ‘लष्करी लैंगिक दास्य’, ‘इआन्फु’ ही नोंद अवतरणचिन्हांत, ‘लष्कराने योजिलेला शब्द’ या शेऱ्यासह, आणि व्यक्तीविषयी लिहावयाचे असेल तेथे तिचे नाव, तिने ते जाहीर केले असल्यास.