लहान ट्रॅक्टर, वैरणीचा तुकडा आणि अवजाराची निवड



दहा-वीस गुंठ्यांचा एखादा तुकडा वैरणीसाठी राखून ठेवण्याची रीत आता बऱ्याच गावांत पडली आहे. दोन दुभती जनावरे दावणीला असली की विकतची पेंड आणि विकतचा कडबा यांतच दुधाचा पैसा निघून जातो, हे मी तुम्हांला सांगायला नको. तुकडा असतो, थोडेफार पाणी असते, आणि अठरा ते चोवीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टरही हल्ली गावात कुणाचा ना कुणाचा असतोच. अडते ते अवजारापाशी. नांगर घ्यावा, मोगडा घ्यावा, की सरळ रोटाव्हेटर? आणि मुळात विकत घ्यावा का?

गंमत अशी की नेमका हाच प्रश्न अमेरिकेतल्या लोकांनाही पडतो, पण वेगळ्या कारणासाठी. तिकडे ज्यांच्या मालकीचे थोडे रान असते ते लोक, आणि शिकारीची हौस असलेले लोक, झाडीतल्या मोकळ्या जागेत हरणांसाठी क्लोव्हर नावाचा घास आणि ओट पेरतात. तुकडे अर्ध्या-एक एकराचे, ट्रॅक्टर लहान, आणि पेच आपलाच. आपल्याकडे रानजनावरांसाठी मुद्दाम पेरायची वेळ नाही. रानडुकरे आणि काळविटे न पेरताच जेवायला येतात! पण लहान तुकड्याचा आणि लहान ट्रॅक्टरचा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे, आणि तो बहुतेक जण उलट्या टोकाने मांडतात. आधी दुकानात जाऊन अवजार पाहतात, मग त्यात काय पेरता येईल ते बघतात.

तुम्ही आधी बियाणे तळहातावर घ्या. लसूणघासाचे हजार दाणे मोजलेत तर त्यांचे वजन जेमतेम दोन ग्रॅम भरते. मक्याचा एकच दाणा अशा शंभरएक दाण्यांना भारी पडतो. मक्याच्या दाण्यापाशी शिदोरी मोठी. तो दीड-दोन इंच खोल पडला तरी वर येतो. लसूणघासाचे बी अर्ध्या इंचाच्या खाली गेले की त्याचा दम वाटेतच संपतो. म्हणजे मका, ज्वारी, चवळी यांना सुपारीएवढी ढेकळे राहिली तरी चालतात. मोगड्याच्या दोन पाळ्या आणि वरून एक फळी, एवढ्यावर काम भागते. लसूणघासाला मात्र वरचा थर बारीक हवा आणि खालचा घट्ट हवा. रानात पाऊल ठेवून बघा. ठसा बोटभर खोल उमटला तर रान अजून पोकळ आहे. फळी मारा किंवा हलके पाणी देऊन बसू द्या, मग पेरा. संकरित नेपियर, म्हणजे ‘फुले जयवंत’सारखे गवत, यांचे सगळेच निराळे. तिथे बी नाही, दोन डोळ्यांची कांडी लावायची, आणि एकदा लावली की काही वर्षे हलवायची नाही. तिथे सुरुवातीलाच खोल नांगरट करून सऱ्या पाडाव्या लागतात, कारण पुढे मुळाखाली अवजार घालायची संधीच मिळत नाही.

असे हे बियाणे अवजार ठरवते. त्याच्या जोडीला जमीन आहे. काळी भारी जमीन उन्हाळ्यात आपोआप भेगाळते, तिला दरवर्षी खोल नांगरट लागतेच असे नाही. मुरमाड हलक्या रानात वीतभर मातीखाली मुरूम असेल, तर खोल नांगर म्हणजे मुरूम वर आणि माती खाली. एका पाळीत पिढ्यांची माती गाडली जाते. अशा ठिकाणी मोगडा पुरे. आणि उतार असेल तर कोणतेही अवजार असो, आडवे चालवा.

आता शक्तीचा हिशेब करू. हा हिशेब शिक्षकांनी वर्गात जरूर घालावा, मुलांना गोडी वाटेल. नांगराचा एक फाळ २५ सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल चालला, तर तो ३७५ चौरस सेंटिमीटर मातीचा छेद कापतो. भारी काळ्या जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० ग्रॅम ओढ लागते असे धरा. एकूण ओढ झाली २६० किलोच्या वर. बैलजोडी दिवसभर आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढी ओढ देते, म्हणजे ७०-८० किलो. ट्रॅक्टर किती देईल? इथे लोक अश्वशक्तीकडे बघतात आणि फसतात. इंजिनात बळ असेल हो, पण मोकळ्या मातीत चाकाने पकड धरली पाहिजे, आणि पकड येते वजनातून. लहान ट्रॅक्टर सात-आठशे किलोचा. मातीत तो आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून फार तर निम्म्यापर्यंत ओढतो. म्हणजे एक फाळ निभतो. दोन फाळी नांगराला सव्वापाचशे किलो ओढ हवी. तो जोडलात तर चाके जागीच फिरतात, टायर झिजतात, डिझेल जळते आणि तास काही पुढे सरकत नाही. दुकानदार ‘चालतो’ म्हणेल. भुसभुशीत रानात चालतोही. तुमच्या रानात चालतो का, ते तुमच्याच रानात बघून घ्या.

लहान तुकड्याला एक फाळी पलटी नांगर बरा पडतो. साधा नांगर माती एकाच बाजूला टाकतो, म्हणून गोल फिरावे लागते आणि मध्ये एक उघडा तास राहतो. पलटी नांगर गेल्या वाटेने परत येतो आणि माती त्याच बाजूला पडत राहते. दहा गुंठ्यांचा चौकोन एका बाजूने शंभर फुटांच्या थोडा वर असतो. त्यात फिरायला जागा किती राहणार?

किर्लोस्करांच्या नांगराची गोष्ट जुन्या लोकांना ठाऊक असेल. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी समजूत होती आणि नांगर बरेच दिवस गिऱ्हाइकावाचून पडून राहिला. तेव्हाचा शेतकरी नव्या अवजारावर फारच संशय घेई. आजचा मुळीच घेत नाही. ही दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून रोटाव्हेटरबद्दल जरा सविस्तर सांगतो.

रोटाव्हेटरला वजनाची ओढ लागत नाही. ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्यावरून, मिनिटाला ५४० फेऱ्यांनी, त्याला शक्ती मिळते. वाकडी पाती माती कापतात आणि उलट ट्रॅक्टरलाच पुढे ढकलतात. म्हणून लहान ट्रॅक्टरला तो सोसतो, एका फेरीत रान पिठासारखे होते, आणि बघणाऱ्याचे मन भरते. माझेही भरले. कर्ज काढून घेतला. बांधाकडेच्या वीस गुंठ्यांत लसूणघास करायचा होता. त्या तुकड्याच्या एका कोपऱ्यात, तीनेक गुंठ्यांत, लव्हाळा होता. मी कोपरा न सोडता सगळे रान दोनदा फिरवले. लव्हाळ्याच्या खाली गाठी असतात आणि त्या एका माळेत ओवलेल्या असतात. माळ तुटली की गाठ मोकळी होते, आणि मोकळी झालेली गाठ लगेच फुटते. माझ्या पात्यांनी माळा तोडल्या, गाठी रानभर वाटल्या. वर पिठासारख्या मातीवर पहिले पाणी पडले तशी खपली धरली. घासाचे कोंब खपलीखाली कुबड काढून मेले, लव्हाळा मात्र खपली फोडून वर आला. त्या वर्षी गुरांना कडबा विकतच आणला, आणि हप्ता सुटला नाही तो नाहीच.

दोष अवजाराचा नव्हता, हे कबूल करायला मला एक साल लागलं. हरळी-लव्हाळ्याच्या रानात पहिला हात नांगराचा, तोही उन्हाळ्यात; काशा आणि गाठी वर येऊन उन्हात वाळू द्यायच्या, हरळीच्या काशा वेचून बांधाबाहेर टाकायच्या. दुसऱ्या वर्षीही पुन्हा तेच करायची तयारी ठेवायची, कारण लव्हाळा एका उन्हाळ्यात हटत नाही. रोटाव्हेटर यायचा तो सगळ्यांत शेवटी, बारीक बियाण्याआधी एकदाच, आणि फार खोल नाही. चार-पाच वर्षे केवळ त्याच्यावरच भागवले तर पाती जिथवर पोचतात त्याच्या खाली एक घट्ट थर बसतो. पाऊस पडल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी लोखंडी सळई हाताने जमिनीत दाबून पाहा. चार-पाच इंचांवर ती अडली आणि थोडा जोर लावल्यावर पुन्हा सहज खाली गेली, तर समजा थर बसला. तो फोडायला पुन्हा नांगरच लागतो, कोरड्या रानात.

वाफसा बघण्याचेही यात येते. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरली तर अवजार घाला. थापटीसारखी पसरली तर दोन दिवस थांबा, ट्रॅक्टर भाड्याचा असला तरी. ओल्या काळ्या रानात घातलेली एक पाळी त्या हंगामापुरती ढेकळे देऊन जाते, आणि त्या ढेकळांना मग रोटाव्हेटरही दाद देत नाही.

एक जागा अशी आहे जिथे यातले काहीच नेऊ नका. गावाबाहेरच्या माळावर मारवेल, पवन्या ही आपली जुनी गवते अजून टिकली असतील, तर तो माळ ‘पडीक’ नव्हे. त्या गवतांची मुळे पिढ्यान्‌पिढ्या माती धरून बसली आहेत. सोलापूरजवळच्या नान्नजला माळढोकासाठी आणि कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्ये केली, ती अशाच माळांवर. तिथला पक्षी जमिनीवरच अंडे घालतो. त्याला झाडी नको, नांगरट तर नकोच. असा माळ एकदा नांगरला की एक-दोन वर्षे बरे पीक दिसते, मग माती वाहून जाते, आणि जुने गवत आपल्या हयातीत परतत नाही. वैरण वाढवायचीच असेल तर पावसाळ्यात चराई बंद ठेवा, गवताला बी धरू द्या, बी पडल्यावर कापा. फार तर गवत तुटलेल्या मोकळ्या पट्ट्यांत, उताराला आडवे ओरखडे काढून स्टायलोचे बी फेका. त्याला खुरपे किंवा दाताळे पुरते. आणि गायरान असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा, ते एकट्याचे नसते.

आता विकत घ्यावे का, याकडे वळू. पुन्हा वर्गातलेच गणित. दहा गुंठे म्हणजे सुमारे १०१२ चौरस मीटर. अवजार ९० सेंटिमीटर रुंदीचे काम करत असेल तर ट्रॅक्टरला सव्वाअकराशे मीटर चालावे लागेल. ताशी तीन किलोमीटरने ती तेवीस मिनिटे झाली; वळणांसह पाऊण तास धरा. नांगराचे २५ सेंटिमीटर घेतले तर चार किलोमीटर, म्हणजे वळणांसह दोनेक तास. वर्षाकाठी एवढ्याच कामासाठी कर्ज काढायचे? स्वतःचा मोगडा असावा. तो स्वस्त, पाच फणांचा लहान ट्रॅक्टरला झेपतो, आणि वर्षात दहा कामांना येतो. नांगर आणि रोटाव्हेटर भाड्याने आणावेत, गटाच्या अवजार बँकेतून, किंवा चौघांनी मिळून घ्यावेत. तव्यांचा कुळव लहान ट्रॅक्टरसाठी मी सुचवणार नाही. हलका असला तर घट्ट रानावरून नुसता घसरत जातो, जड असला तर ट्रॅक्टरला उचलत नाही.

घ्यायचेच ठरले तर ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर मोजून कागदावर लिहून न्या. रोटाव्हेटरची किंवा मोगड्याची रुंदी त्याहून थोडी जास्त हवी, म्हणजे चाकांनी दाबलेली माती मागून मोकळी होते. कमी असेल तर रानात दोन घट्ट पट्टे राहतात आणि तिथे बी उगवत नाही. पण चाके झाकायची म्हणून झेपेल त्यापेक्षा रुंद यंत्रही घेऊ नका. आधी चाके आत घेता येतात का ते पाहा. जोडायच्या खुंट्यांची जाडी लहान ट्रॅक्टरची वेगळी असते, तीही तपासा. आणि अवजार वर उचलल्यावर पुढची चाके हलकी होऊन सुटायला लागली, तर पुढे वजन बांधल्याशिवाय चढावर जाऊ नका.

फिरत्या दांड्यावर झाकण असल्याशिवाय यंत्र दारात उतरवून घेऊ नका. धोतराचा सोगा, पदर, उपरण्याचे टोक त्यात सापडले तर माणूस ओढला जायला क्षण पुरतो. पात्यांत गवत अडकले की इंजिन बंद करा, किल्ली खिशात टाका, मगच खाली उतरा. मुलांना फळीवर वजन म्हणून बसवण्याची खोड अजून कुठे कुठे दिसते. त्याऐवजी मातीची पोती ठेवा. नवे यंत्र पहिला तासभर चालले की सगळे नट-बोल्ट पान्याने पुन्हा आवळून घ्या, कारण ते सैल होतात ते याच पहिल्या तासात.