नळीला ऐकू आले नाही, ते इकोत दिसले

काही वर्षांपूर्वी एक शाळकरी मुलगा माझ्याकडे आला होता. अंगात ताप, आधी गुडघा दुखला, मग घोटा. मी नळी लावली, ठोके स्वच्छ वाटले. गोळ्या दिल्या, मुलगा बरा झाला. चार वर्षांनी तोच मुलगा धापा टाकत आला. हृदयाची झडप कायमची बिघडली होती. ती चूक मी विसरलेलो नाही.

म्हणून गेल्या पावसाळ्यात अशीच तक्रार घेऊन अकरा वर्षांची एक मुलगी आली, तेव्हा ठोके स्वच्छ असूनही मी ‘टू-डी इको’ करायला सांगितला. वडील म्हणाले, ‘‘डॉक्टरसाहेब, दुखतोय गुडघा आणि तपासणी छातीची?’’

प्रश्न रास्त होता. घशाला स्ट्रेप्टोकॉकस जंतूंची बाधा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना ऱ्हुमॅटिक ताप येतो. बहुधा ५ ते १५ या वयात. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते. सांध्यांची सूज ओसरते. हृदयाची सूज मात्र झडपांवर कायमचा वण ठेवू शकते.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफीच. सुई नाही, क्ष-किरण नाहीत. कलर डॉप्लरमध्ये रक्ताचा प्रवाह रंगांत दिसतो. झडप नीट मिटत नसेल तर उलटी धार दिसते; नळीला ऐकू न येणारी गळतीही सापडते. म्हणूनच अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१५ साली या तापाच्या निदानाचे ‘जोन्स निकष’ सुधारताना, संशय असलेल्या प्रत्येक रुग्णाचा इको करावा असे सांगितले. मात्र किंचित गळती निरोगी माणसातही आढळते. त्यामुळे रक्ततपासणी, ईसीजी आणि लक्षणे यांची सांगड घालूनच निदान करावे लागते.

त्या मुलीच्या मायट्रल झडपेत गळती निघाली. आता तिला दर तीन आठवड्यांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन सुरू आहे. ते वर्षानुवर्षे घ्यावे लागते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये, कारण हा ताप उलटला तर झडप आणखी बिघडते.

पालकांनो, ताप आणि एका सांध्यातून दुसऱ्यात फिरणारे दुखणे, याला ‘वाढत्या वयाची हाडे, दुखणारच’ म्हणून सोडून देऊ नका. घसा दुखून गेला होता का, ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा. वेळीच केलेला एक इको मुलाची झडप वाचवू शकतो.