‘मान न हलवता वर बघ’

गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू डोळ्यावर बसतो. मूल घरी येते, दोन-तीनदा ओकते आणि निपचित पडून राहते. डोळा ना सुजलेला, ना लाल. उलट्या पाहून मेंदूला मार लागल्याची शंका येते, पण मेंदूच्या स्कॅनमध्ये काही निघत नाही. मग नेत्रतज्ज्ञ म्हणतात, ‘मान न हलवता वर बघ.’ एक बुबुळ वर जाते, दुसरे अर्ध्यावरच अडते. मूल कळवळते, एकाचे दोन दिसतात म्हणून सांगते.

डोळ्याची खोबण सात हाडांची. तिची कड दणकट, पण तळ आणि नाकाकडची भिंत कागदासारखी पातळ. १९५७ साली बायरन स्मिथ आणि विल्यम रीगन यांनी मृतदेहाच्या डोळ्यावर हर्लिंग या खेळाचा चेंडू ठेवून वर हातोडा मारला. कड शाबूत राहिली, तळ फुटला. ‘ब्लोआउट फ्रॅक्चर’ हे नाव तेव्हापासूनचे.

मोठ्या माणसाच्या खोबणीचा तळ बहुधा तुकडे होऊन खालच्या सायनसमध्ये ढासळतो. मुलांचे हाड लवचिक. ते क्षणभर वाकते, फटीतून चरबी आणि स्नायू खाली उतरतात, हाड परत जागेवर येते आणि स्नायू चिमटीत सापडतो. त्याचा रक्तपुरवठा तुटू लागतो. त्यावर ताण आला की मज्जातंतूंमार्फत हृदयाचे ठोके मंदावतात आणि मळमळते. उलट्यांचे मूळ तिथे असते. डेव्हिड जॉर्डन आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये अशा दुखापतीला ‘व्हाइट-आइड ब्लोआउट’ म्हटले.

सीटी स्कॅनमध्ये फट केसाएवढी असते, कधी दिसतही नाही. म्हणून समोरून घेतलेल्या पातळ छेदांमध्ये डोळ्याखालचा स्नायू जागेवर आहे का, हे आधी पाहतात.

मोठ्यांच्या बाबतीत बऱ्याचदा सूज उतरेपर्यंत थांबता येते. निम्म्याहून अधिक तळ ढासळला असेल, डोळा दोन मिलिमीटरहून अधिक आत गेला असेल किंवा दोन दिसणे थांबत नसेल, तर साधारण दोन आठवड्यांत शस्त्रक्रियेचा विचार होतो. तोवर नाक शिंकरायला बंदी, नाहीतर सायनसमधली हवा खोबणीत शिरून पापणी फुगते. गाल आणि वरचा ओठ बधिर झाल्याची तक्रारही नेहमीची. मोठ्यांमधले एक उदाहरण: २०२१ च्या चॅम्पियन्स लीग फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात टक्कर होऊन खेळाडू केव्हिन डी ब्रॉयनेच्या नाकाचे हाड आणि डाव्या डोळ्याची खोबण मोडली होती.

स्नायू अडकलेल्या मुलाला मात्र शक्यतो एक-दोन दिवसांतच टेबलावर घेतात. भूल दिल्यावर सर्जन चिमट्याने डोळा धरून वर वळवून पाहतात. तो वळत नाही. खालच्या पापणीच्या आतून छेद घेऊन ते तळाशी पोचतात. अडकलेला स्नायू सोडवताना मॉनिटरची टिकटिक संथ होते, भूलतज्ज्ञ ‘थांबा’ म्हणतात, सर्जन हात सैल करतात. ठोके पूर्ववत झाले की काम पुढे चालू. गरज असल्यास तळावर सच्छिद्र पॉलिएथिलिनचा पातळ पत्रा किंवा टायटॅनियमची जाळी बसवतात. टाके घालण्याआधी तोच चिमटा, तीच चाचणी. या वेळी डोळा सहज वर वळायला हवा.

त्यानंतरही दोन दिसणे काही आठवडे, कधी काही महिने टिकते. दर तपासणीला नजर किती वर गेल्यावर दुसरी प्रतिमा उमटते, याची नोंद होत राहते.