सजद्यातून उठताना मांड्या साथ देत नाहीत?

यकृताचा कर्करोग म्हटले की कावीळ, पोटदुखी, पोटात पाणी होणे एवढेच आठवते. पण क्वचित पहिली तक्रार स्नायूंची असते. सजद्यातून उठताना हाताचा आधार लागतो, जिना चढवत नाही, केस विंचरताना हात वर राहत नाही. घरचे म्हणतात, "वय झालं." मात्र काही आठवड्यांत वाढत गेलेला अशक्तपणा वयाच्या खात्यावर टाकू नये.

याचे एक कारण डर्मॅटोमायोसायटिस. यात कर्करोग स्नायूंत पसरलेला नसतो. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या स्नायूंवर व त्वचेवर उलटते. पापण्यांवर जांभळट छटा, बोटांच्या सांध्यांवर खरखरीत चट्टे दिसतात. गिळताना ठसका लागत असेल तर लगेच डॉक्टर गाठावा. हा आजार झालेल्या प्रत्येकाला कर्करोग असतोच असे नाही, पण प्रौढ रुग्णात त्याचा शोध घ्यावा लागतो. पहिल्या तीन वर्षांत धोका जास्त असतो.

रक्ताच्या अहवालातही गोंधळ होतो. एसजीओटी, एसजीपीटी वाढले की सगळे यकृताकडे बोट दाखवतात. पण स्नायू झिजले तरी ते वाढतात. म्हणून सोबत सीपीके तपासतात.

याहून कितीतरी जास्त आढळते ती स्नायूंची झीज. हा कर्करोग बहुधा सिरॉसिस झालेल्या यकृतात होतो. असे यकृत साखरेचा पुरेसा साठा ठेवू शकत नाही. निरोगी माणसाचे शरीर दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर जसे वागते, तसे या रुग्णाचे एका रात्रीतच वागू लागते आणि स्नायू मोडून खाते. पोटात पाणी असल्याने वजन मात्र घटत नाही. म्हणून काट्यावर विसंबू नका. दंड व कानशिले पाहा.

"यकृत बिघडले, आता अंडी-डाळ बंद" हा समज घातक आहे. साधारणपणे दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे 60 किलोच्या माणसाला 72 ते 90 ग्रॅम. झोपण्यापूर्वी दूध-पोळीसारखे थोडे खाणे उपयोगी पडते. मधुमेह असल्यास प्रमाण डॉक्टरांना विचारा. रमजानचे रोजेही त्यांच्या सल्ल्याशिवाय धरू नयेत. आजाऱ्याला सवलत आहेच.

घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल तर सर्वांनी तपासणी करून घ्यावी. नवजात बाळाला पहिल्या 24 तासांत लस द्यावी. या कर्करोगाचे एक मोठे कारण तिथेच अडवता येते.