थॅक्स्टेडचा मॉरिस मेळा

थॅक्स्टेड हे इंग्लंडच्या एसेक्स परगण्यातले जुने बाजाराचे गाव. मध्ययुगाच्या उत्तरार्धात सुऱ्या-चाकू घडवणाऱ्या कारागिरांनी ते नावारूपाला आणले. त्या सुबत्तेच्या काळातले लाकडी चौकटीचे गिल्डहॉल आणि गावाच्या मानाने फारच मोठे चर्च आजही उभी आहेत; धंदा मात्र केव्हाच बसला. दरवर्षी साधारणपणे जूनच्या सुरुवातीच्या एका शनिवार-रविवारी गिल्डहॉलसमोरच्या टाउन स्ट्रीटवर देशभरातले मॉरिस नर्तक जमतात.

मॉरिस हा इंग्लंडमधला लोकनाच. त्याच्या अनेक धाटण्या आहेत. त्यांपैकी सर्वांत परिचित कॉट्सवोल्ड भागातली. तिच्यात सहा नर्तक तिघातिघांच्या दोन रांगा करून समोरासमोर उभे राहतात. अंगात बहुधा पांढरे कपडे, गुडघ्याखाली कातडी पट्ट्यांवर शिवलेल्या छोट्या घंटा, हातात मोठे रुमाल किंवा आखूड काठ्या. उडी घेतली की रुमाल वर झेपावतात. काठ्यांच्या नाचात समोरच्याच्या काठीवर ठेक्यात टोला बसतो. लेझीम पाहिलेल्याला ही शिस्त ओळखीची वाटेल, फक्त लेझमीत नाद हातात असतो आणि मॉरिसमध्ये पायांत. पूर्वी एकच वादक एका हाताने तीन भोकांचा पावा आणि दुसऱ्या हाताने लहान ढोल वाजवी. पुढे फिडल, कॉन्सर्टिना आणि मेलोडियन आले. नर्तकांच्या चमूला ‘साइड’ म्हणतात. तिचा प्रमुख स्क्वायर, पत्रव्यवहार आणि हिशेब पाहणारा बॅगमन, नाच शिकवणारा फोरमन.

हा नाच ख्रिस्तपूर्व काळातल्या सुगीच्या विधींतून आला, अशी समजूत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार लोकप्रिय होती आणि अजून ती पुरती गेलेली नाही. कागदपत्रांत तिला आधार सापडत नाही. मॉरिसचा इंग्लंडमधला सर्वांत जुना ज्ञात उल्लेख १४४८ सालचा आहे: लंडनच्या सोनारांच्या संघाने मेजवानीत नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिल्याची ही नोंद. म्हणजे सुरुवातीचे पुरावे दरबारातले आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतले आहेत. खेड्यांतले पुरावे नंतरचे. एकोणिसाव्या शतकात जुने आश्रयदाते गेले, तरुण कामासाठी गाव सोडू लागले आणि बहुतेक साइड मोडल्या.

२६ डिसेंबर १८९९ रोजी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन येथे संगीतशिक्षक सेसिल शार्प यांनी हा नाच प्रथम पाहिला. कडाक्याच्या थंडीमुळे बांधकामे बंद होती. हाताला काम नसलेले मजूर चार पैसे मिळावेत म्हणून अवेळी नाचायला निघाले होते. कॉन्सर्टिना वाजवणाऱ्या विल्यम किम्बर यांच्याकडून शार्प यांनी चाली टिपून घेतल्या. पण त्या नाचाला पुन्हा पाय फुटले ते मेरी नील यांच्यामुळे. लंडनमधल्या कष्टकरी मुलींसाठी त्या एस्परन्स क्लब चालवत. १९०५ मध्ये त्यांनी किम्बर यांना बोलावून मुलींना मॉरिस शिकवले आणि त्याच मुली पुढे गावोगावी शिकवायला गेल्या. शार्प यांचे नाव सर्वतोमुखी झाले, नील मागे पडल्या. हा हिशेब अलीकडे थोडा दुरुस्त होऊ लागला आहे.

थॅक्स्टेडमध्ये मॉरिस १९११ मध्ये सुरू झाले, तेही एस्परन्स क्लबच्या मार्फत. पुढाकार मिरियम नोएल यांचा. त्यांचे पती कॉन्रॅड नोएल १९१० मध्ये इथे पाद्री म्हणून आले. ते उघड समाजवादी होते आणि त्यांची नेमणूक करणाऱ्या वॉरिकच्या काउंटेसही त्याच मताच्या. मिरवणुका, रंगीत पताका, गाणे आणि नाच हा सामान्य माणसाच्या उपासनेचा हक्काचा भाग आहे, असे नोएल मानत. चर्चमध्ये इंग्लंडच्या सेंट जॉर्जच्या निशाणाशेजारी त्यांनी लाल झेंडा आणि आयर्लंडच्या सिन फेनचा झेंडा लावला. १९२१ मध्ये त्यावरून केंब्रिजचे विद्यार्थी गावात येऊन धुडगूस घालून गेले. अखेर धर्मन्यायालयाच्या हुकुमाने झेंडे उतरवावे लागले. आज टाउन स्ट्रीटवर बिअरचा पेला घेऊन नाच पाहणाऱ्याला या सोहळ्यामागचे राजकारण जाणवतही नाही.

नोएल यांच्याच काळात, १९१४ पासून काही वर्षे, संगीतकार गुस्ताव होल्स्ट थॅक्स्टेडमध्ये राहिले. ‘द प्लॅनेट्स’ या रचनेचा काही भाग त्यांनी इथे लिहिला आणि १९१६ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन चर्चमध्ये संगीतोत्सव भरवला. त्या रचनेतल्या ‘ज्युपिटर’ या भागाच्या चालीवरून पुढे स्तोत्राची एक चाल झाली, तिचे नावच ‘थॅक्स्टेड’. ऋग्वेदातल्या सूक्तांना स्वरसाज चढवण्यासाठी संस्कृत शिकलेले आणि ‘सावित्री’ हा ऑपेरा लिहिणारे होल्स्ट ते हेच.

१९३४ मध्ये थॅक्स्टेडसह सहा साइडनी मिळून ‘मॉरिस रिंग’ ही संघटना स्थापन केली. तिचे पहिले स्क्वायर थॅक्स्टेडचे अ‍ॅलेक हंटर.  मेळ्याचा क्रम वर्षानुवर्षे फारसा बदललेला नाही. शनिवारी साइड आसपासच्या गावांत, बहुधा पबच्या अंगणांत, नाचत फिरतात. संध्याकाळी सगळ्या थॅक्स्टेडमध्ये येऊन एकत्र नाचतात. शेवटी दिवस मावळताना शिंगनृत्य होते. नर्तक हरणाची शिंगे धरून एकामागे एक येतात, वळसे घेतात, समोरासमोर भिडल्यासारखे पुढे सरकून मागे हटतात. साथीला फक्त एक फिडल. हे नृत्य मूळचे स्टॅफर्डशायरमधल्या अ‍ॅबट्स ब्रॉम्ली गावचे. तिथली रेनडिअरची शिंगे कार्बन चाचणीत अकराव्या शतकातली ठरली, नृत्याची लेखी नोंद मात्र १६८६ ची.

मॉरिस रिंग दीर्घकाळ फक्त पुरुषांची राहिली. एस्परन्स क्लबच्या मुलींनी जगवलेल्या नाचात बायकांनाच मज्जाव, ही विसंगती डोळ्यांवर येण्यासारखी होती. १९७५ मध्ये स्त्रियांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, तीच आजची ‘मॉरिस फेडरेशन’. रिंगने आपला नियम सैल केला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. २०२० मध्ये रिंग, फेडरेशन आणि ‘ओपन मॉरिस’ या तिन्ही संघटनांनी काही साइडमधली चेहरा पूर्ण काळा रंगवण्याची प्रथा बंद करण्याचे ठरवले. अनेक साइडनी त्याऐवजी निळा किंवा हिरवा रंग घेतला.