ओढणारा हात

सेस्ना १७२ च्या डाव्या पंखाच्या पुढच्या कडेला एक छोटं छिद्र असतं. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून तपासणी करताना ती विद्यार्थिनी त्या छिद्रापाशी स्टूल लावून चढली, खिशातला स्वच्छ रुमाल काढून तिथं धरला, त्यावर तोंड लावलं आणि जोरात श्वास आत ओढला. पंखातून जत्रेतल्या पिपाणीसारखा बारीक, रडवेला सूर निघाला. "वाजतंय, सर," ती म्हणाली आणि रुमाल घडी करून खिशात टाकला. बघणाऱ्याला वाटावं पोरं चेष्टा करतायत. पण ही रीत विमानाबरोबर येणाऱ्या पुस्तकातच दिलेली आहे. हा स्टॉलचा, म्हणजे पंखाची उचल कोलमडण्याचा, भोंगा. त्याला वीज लागत नाही. हवेत असताना पंखावरचा प्रवाह बिघडायच्या बेताला आला की त्या छिद्रापाशी दाब उतरतो, आतली हवा बाहेर खेचली जाते आणि आतली पातळ पट्टी वाजू लागते.

खानदेशातल्या या धावपट्टीवर मी आलो होतो तो या भोंग्यासाठीच. छोटं विमान पडलं की लोक आधी विचारतात, "इंजिन बंद पडलं का?" अमेरिकेत छोटी विमानं प्रचंड संख्येनं उडतात आणि त्यांच्या अपघातांची कसून चौकशी होते. तिथल्या नोंदी वेगळं सांगतात. जीवघेण्या अपघातांत सगळ्यांत मोठा गट आहे तो विमान पायलटच्या हातातून सुटण्याचा, आणि त्यातली पुष्कळ विमानं पडेपर्यंत धडधाकट होती. कागदोपत्री याला 'लॉस ऑफ कंट्रोल' म्हणतात. तिथल्या अपघात तपास मंडळानं २०१५ साली तातडीच्या सुधारणांच्या यादीत हा विषय घातला होता. आपल्याकडे हा विषय निघाला की जुन्या माणसांना २३ जून १९८० आठवतो: सफदरजंग, पिट्स विमान, संजय गांधी आणि कॅप्टन सुभाष सक्सेना. पण ते कसरतीचं विमान होतं आणि कसरत चालली होती. मला बघायचं होतं ते साध्या विमानाचं साधं वळण.

उन्हाळ्यात इथली उड्डाणं पहाटे उरकतात. ऊन चढलं की काळ्या रानातून गरम हवेचे लोट उठतात आणि विमान बैलगाडीच्या वाटेवरून गेल्यागत आदळतं. आम्ही निघालो तेव्हा हवा निवांत होती. पुढे डावीकडे विद्यार्थिनी, उजवीकडे सर, मागे मी. सर निवृत्तीनंतर शिकवायला आलेले, बोलणं मोजकं. दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायची त्यांची सवय आहे. पुढे कळलं की ही सवय त्यांनी मुद्दाम लावून घेतलेली आहे. शिकवणाऱ्याचे हात कंट्रोलजवळ दिसले की विद्यार्थी निम्मं विमान त्याच्यावर सोपवून मोकळा होतो.

जमिनीपासून ४,००० फुटांवर गेल्यावर तिनं आधी दोन्ही बाजूंना वळून खाली-वर कुणी नाही ना ते पाहिलं. मग थ्रॉटल मागे घेतला. आता विमानानं खाली जायला हवं, पण उंची सोडायची नाही असा सराव. म्हणून योक, म्हणजे हातातलं चाक, थोडा मागे, अजून थोडा मागे. नाक वर चढत गेलं आणि समोरचं रान दिसेनासं झालं. मला वाटलं होतं या क्षणी काहीतरी भयंकर होईल. झालं उलटं. सगळं शांत होत गेलं. पंखांवरून जाणाऱ्या वाऱ्याचा आवाज ओसरला. कंट्रोल लिबलिबीत झाले, योक इकडेतिकडे हलवला तरी विमान उशिरा, आळसटल्यासारखं ऐकत होतं. सकाळी ऐकलेला सूर वाजू लागला, आधी कापरा, मग सलग. स्टॉलच्या पाच ते दहा नॉट आधी तो वाजतो. मग शेपटीकडून एक थरथर आली आणि नाक आपोआप खाली कोसळलं.

पोटात गोळा आला. सरांनी बोट दाखवलं ते मात्र माझ्या हातांकडे. मागच्या सीटवर बसून मी पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती आणि ती स्वतःकडे ओढत होतो. खाली पडणारी वस्तू वर ओढावी, हे अंगात मुरलेलं असतं. त्या मुलीनं नेमकं उलटं केलं. जमीन समोर उभी ठाकली असताना योक पुढे सोडला, पूर्ण पॉवर दिली, उजवा पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूवर, दाबला. भोंगा तत्क्षणी थांबला. दोन-तीनशे फूट गेले, विमान पुन्हा विमान झालं.

हे का घडतं ते वुल्फगांग लांगेविशे या पायलट-लेखकानं १९४४ साली 'स्टिक अँड रडर' या पुस्तकात इतकं सोपं करून मांडलं की अजूनही प्रशिक्षक तेच सांगतात. पंखाला वेगाचं काही पडलेलं नसतं. येणाऱ्या हवेशी तो किती अंशांत उभा आहे, एवढंच त्याला कळतं. साधारण पंधरा-सोळा अंशांपलीकडे गेला की वरच्या बाजूची हवा त्याला चिकटून वाहात नाही, सुटते, आणि उचल कोलमडते. हा कोन वाढवतो कोण? योक मागे ओढणारा हात. विमान वेगात असो, हळू असो, उताणं असो, स्टॉल येतो तो त्या हातातून. सेस्ना सरळ उडताना सुमारे ४८ नॉटला स्टॉल होते खरी. पण उंची राखून ६० अंश कलून वळायचं तर पंखांवर दुप्पट वजन पडतं आणि तोच आकडा ६८ वर जातो. धावपट्टीकडे येताना हे विमान साधारण ६५ नॉटवर असतं. दोन आकडे शेजारी ठेवले की पुरे.

पुढच्या स्टॉलला डावा पंख आधी पडला. तिचा हात आपसूक उजवीकडे गेला, पंख उचलायला. सर पहिल्यांदा मोठ्यानं बोलले: "हात नको गं, पाय!" पडलेला पंख उचलायला योक फिरवला की त्या पंखामागची हलती फळी, एलेरॉन, खाली उतरते, म्हणजे आधीच जास्त कोनात असलेल्या पंखाचा कोन आणखी वाढतो. मदतीला धावलेला हात त्याच पंखाला बुडवतो. तिनं योक पुढे सोडून पायानं रडर दिलं आणि पंख जागेवर आला.

इथवर सगळं शाळेसारखं. तिला ठाऊक होतं की स्टॉल येणार आहे, सर शेजारी आहेत, खाली ४,००० फूट मोकळे आहेत. आणि तरीही हाच सराव माझ्या मते थोडा फसवा आहे. यात स्टॉल नाक वर करून, सरळ उडताना, हळूहळू, वाजतगाजत येतो. माणसं मरतात तो स्टॉल यासारखा दिसतच नाही. तो येतो धावपट्टीसमोरच्या शेवटच्या वळणात, नाक क्षितिजाखाली असताना, सुमारे ५०० फुटांवर, आणि पायलटचं सगळं लक्ष तेव्हा बाहेर असतं.

तो कसा तयार होतो हे मला योगायोगानं बघायला मिळालं. सराव संपवून आम्ही सर्किटमध्ये आलो. धावपट्टीला समांतर डाऊनविंड, मग डावीकडे वळून बेस, मग पुन्हा डावीकडे वळून फायनल. तोवर वारा सुटला होता आणि बेसवर तो पाठीमागून ढकलत होता. जमीन नेहमीपेक्षा भरभर सरकत होती. तिनं फायनलचं वळण नेहमीच्या जागी सुरू केलं, पण वाऱ्यानं विमान धावपट्टीच्या रेषेच्या पलीकडे नेऊन ठेवलं.

आता तिला वळण आवळायचं होतं. खाली आल्यावर ३० अंशांपेक्षा जास्त कलायचं नाही असं तिला शिकवलेलं, म्हणून तिनं कल वाढवला नाही. समोरच्या पॅनेलवर वाकड्या काचनळीत एक काळी गोळी असते; वळण नीट असेल तर ती मध्ये राहते. मी त्या गोळीवर नजर ठेवून होतो. गोळी हळूहळू उजवीकडे, वळणाच्या बाहेरच्या बाजूला सरकू लागली. म्हणजे तिचा डावा पाय रडर दाबत होता, नाक नुसतं फरफटत धावपट्टीकडे आणायला. तसं केलं की बाहेरचा पंख जास्त वेगानं जातो आणि उचलला जातो, कल आपोआप वाढतो. तो थांबवायला योक उजवीकडे जातो. नाक थोडं घसरतं. ते धरून ठेवायला योक मागे येतो. यातली एकही हालचाल वेडेपणाची नाही. प्रत्येक हालचाल आधीच्या हालचालीची दुरुस्ती आहे. पण एकत्र केल्या की आतल्या पंखाला स्टॉल करायची पुरी तयारी झालेली असते. तो स्टॉल झाला तर विमान वळणाच्या आतल्या बाजूला, जमिनीकडे, पाठीवर उलटतं.

सरांचे हात मांडीवरच होते. "गोळी कुठंय?" त्यांनी विचारलं, पाणी कुठंय विचारावं तसं.

तिनं खाली पाहिलं, पाय सैल केला, पंख समतल केले आणि एक क्षण थांबून म्हणाली, "गो-अराउंड." पूर्ण थ्रॉटल, नाक सावरून वर. धावपट्टी आमच्या डावीकडून मागे गेली. भोंगा वाजलाच नव्हता. योक अजून पुरता मागे आला नव्हता म्हणून.

त्या भोंग्याबद्दल एक शंका तेव्हापासून मनात आहे. विमान उतरताना चाकं टेकण्याच्या क्षणी तो वाजला तर उतरणं झकास झालं असं मानतात, कारण विमान पुरतं मंदावून टेकलं. म्हणजे प्रत्येक चांगल्या लँडिंगला कानाला त्या सुराची शाबासकी मिळते. तोच सूर ५०० फुटांवर मरणाची वर्दी असतो. कानानं फरक कसा करायचा? आता छोट्या विमानांत पंखाचा कोन थेट दाखवणारी उपकरणं बसवता येतात. अमेरिकेनं २०१४ मध्ये त्यांच्या मंजुरीचे नियम सोपे केले. चांगली गोष्ट आहे. पण वळणात बाहेर लागलेली नजर आत आणणार कोण, हा प्रश्न काळ्या गोळीलाही होताच.

स्पिन मला पाहायला मिळाला नाही. मागच्या सीटवर माणूस असताना या विमानात मुद्दाम स्पिन करायला मनाई आहे. मागचं वजन तोल मागे नेतं आणि मग फिरकी सुटणं अवघड होतं. "तुम्हाला खाली सोडून करू," सर म्हणाले. स्टॉलमध्ये एक पंख दुसऱ्यापेक्षा खोल बुडाला की विमान नाक खाली घालून स्वतःभोवती गरगरत उतरतं. सेस्नाच्या पुस्तकाप्रमाणे एका फेऱ्याचा स्पिन आणि त्यातून बाहेर येणं यांत सुमारे १,००० फूट जातात. शेवटचं वळण ५०० वर असतं.

या फिरकीतून सुटण्याची वाट सापडली तीही हात सुटल्यामुळे. २५ ऑगस्ट १९१२ रोजी इंग्लंडमध्ये सॅलिसबरीच्या पठारावर लष्करी विमानांच्या चाचण्या चालल्या होत्या. नौदलाचा लेफ्टनंट विल्फ्रेड पार्क अॅव्रोच्या बंद केबिनच्या विमानातून गोल गोल उतरताना फिरकीत सापडला. त्यानं कंट्रोल मागे ओढले, रडर वळणाच्या बाजूला दिलं, सगळं व्यर्थ. गरगरण्यानं तो बाहेर फेकला जाऊ लागला तेव्हा स्वतःला सावरायला त्यानं एक हात कंट्रोलवरून काढून बाजूच्या खांबाला धरला. आणि मग उरलेला एकच उपाय म्हणून रडर पूर्ण उलटं दिलं. विमान जमिनीपासून सुमारे ५० फुटांवर सरळ झालं. त्याच वर्षी डिसेंबरात पार्क दुसऱ्या अपघातात गेला. पुढे १९१७ मध्ये फार्नबरोला फ्रेडरिक लिंडमन या भौतिकशास्त्रज्ञानं स्वतः उडायला शिकून, मुद्दाम फिरक्या घेऊन मोजमापं केली. पॉवर बंद, एलेरॉन मध्यावर, रडर उलटं, योक पुढे, हा क्रम आज विद्यार्थी पाढ्यासारखा म्हणतात.

अमेरिकेनं १९४९ साली खाजगी पायलटच्या अभ्यासक्रमातून स्पिन काढला आणि भर स्टॉल ओळखण्यावर दिला. यावर अजून वाद घातले जातात. मला विचाराल तर दोन्ही बाजू ४,००० फुटांवर बसून भांडतात. ५०० फुटांवर पाढा म्हणायला वेळच नसतो. तरी एकदा फिरकी बघितलेल्या पायलटचा पाय त्या वळणात जास्त सावध राहत असावा, असं त्या मुलीकडे पाहून वाटलं. दुसऱ्या विमानातून ती पहिला स्पिन करून आली तेव्हा रंग उडाला होता, आणि पहिलं वाक्य होतं, "सर, ते वळणात झालं असतं तर?"

ढगातलं सुटणं निराळं आणि पावसाळ्यात आपल्या जास्त ओळखीचं. त्याची चुणूक सरांनी परतताना दिली होती. तिला डोळे मिटायला सांगून त्यांनी विमान अलगद डावीकडे कलवलं. "आता?" "सरळ, सर." क्षितिज माझ्यासमोर तिरपं होतं. सावकाश चढवलेला कल कानातल्या द्रवाला कळतच नाही. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात, ढगात उडायचं शिक्षण नसलेल्या २० पायलटांना बाहेरचं क्षितिज दिसणार नाही असं उडवलं. सगळ्यांच्या हातून विमान सुटलं, सरासरी १७८ सेकंदांत. घसरणाऱ्या वळणात वेग वाढतो, हात योक ओढतो, आणि कल तसाच असल्यामुळे वळण आणखी आवळतं. इथंही तोच हात.

खाली उतरल्यावर ती हिशेबाच्या वहीपाशी गेली. व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात, आणि तास पैशांनी मोजले जातात. इथली बरीच मुलं कर्ज काढून आलेली आहेत. एक गो-अराउंड म्हणजे आणखी एक सर्किट, पाच-सात मिनिटांचं. त्यात चहाच्या टपरीवर बाकीची पोरं "काय गं, धावपट्टी सापडली नाही का?" म्हणून हसतात ते निराळंच. वळण आवळून बसवण्याची ओढ कुठून येते, ते मला त्या वहीपाशी जास्त कळलं.

"सर, ती जास्तीची फेरी माझ्याच पैशात धरणार?"

"धरणार," सर म्हणाले. "आणि तुझ्याच तासांत."